डावी पाकळी

गोकुळदास गुरवाचे डोळे पुरते गेले, हे कळलं त्या दिवशी हर्षानं घरी शेवयांची खीर केली. वर काजूही घातले. शेजारणीनं विचारलं, आज काय विशेष, तर म्हणाली, "काही नाही गो, बरं वाटतंय." आणि त्यात खोटं काही नव्हतं.

कुणाचे डोळे गेल्यावर गोड खाऊ नये, हे काय तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. शिकलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई. पेडण्याच्या आतल्या अंगाला, इब्रामपूरच्या अलीकडे त्यांचा लहानसा गाव, आणि तिथलं वाचनालय कैक वर्षं तीच सांभाळते. गावात तिचं कुणाशी वाकडं नाही. फक्त गोकुळदासचं नाव निघालं की तिच्या तोंडाची चव जायची. तशी ती त्या दिवशी गेली नाही, उलट खिरीची दुसरी वाटी घेतली.

त्याचं कारण तेवीस वर्षांमागचं. तेव्हा हर्षाचं लग्न अविनाशशी ठरलं होतं. अविनाश गावातलाच, शिरगावच्या बाजूला खाणीच्या ऑफिसात नुकता चिकटलेला. दोघं एकाच बसनं म्हापशाला कॉलेजात गेलेली, तिची जागा तो धरून ठेवायचा. दोन्ही घरांत पसंती. साड्यासुद्धा घेऊन झाल्या होत्या. राहिला होता फक्त देवीचा कौल. ह्या गावात कौल घेतल्याशिवाय कुणी साखरपुडा करत नाही की विहिरीला कुदळ लावत नाही. रीत साधी आहे. गुरव देवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला एकेक फुलाची पाकळी पाण्यात भिजवून चिकटवतो, मोठ्यानं देवीला गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर देवी होय म्हणाली, डावी पडली तर नाही.

डावी पडली. गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं, तेवढ्यात पडली. अविनाशची आई पदर डोळ्यांना लावून उठली, अविनाशनं चपला घातल्या, संपलं. त्याच वर्षी त्यानं साखळी गावची मुलगी केली.

पण हर्षा पुढे उभी होती आणि तिचे डोळे चांगले होते. गोकुळदासनं उजवी पाकळी तांब्यात नीट बुडवली, आणि डावी नुसती बोटांतून फिरवून सुकीच लावली, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. घरी येऊन बापाला सांगितलं तर बाप म्हणाला, "देवाच्या कामात खोट काढशील तर जीभ झडेल." पुढे दुसऱ्या गावांतून स्थळं आली, पण ती वाटेतूनच परत जायची. देवीनं नाकारलेली मुलगी म्हणून कुणी तरी त्यांच्या कानात घालायचंच. बाप त्या घोरात गेला. हर्षा राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. गोकुळदासनं आपल्या तोंडानं म्हणावं की होय, मी ती पाकळी सुकी लावली. बाकी काही नको. देवळाच्या पायरीवर, बाजारात, कुणाच्या बाराव्याला तो दिसला की ती त्याच्याकडे टक लावून बघायची आणि तो खुशाल "काय गो, बरी मां?" म्हणून पुढे जायचा. ह्या "बरी मां" नं तिचं डोकं जास्त फिरायचं.

पाऊस ओसरला आणि गोकुळदासची सून ऋतिका वाचनालयात आली. ऋतिका मोपाला विमानतळावर पाळीनं कामाला. नवरा गौरेश आता बापाच्या जागी देवीची पूजा करतो, आणि ती आटपली की रिक्षा घेऊन बाहेर पडतो. तिची दिवसपाळी असली की घरात म्हातारा दिवसभर एकटा.

"हर्षाताई, बाबांना रोज पोथी वाचायची सवय," ऋतिका म्हणाली. "आता साखरेनं डोळेच नेले. दुपारी कुणी तासभर वाचून दाखवलं तर जीव रमेल त्यांचा. गौरेश म्हणाला, हर्षा काही यायची नाही. म्हटलं, विचारून तरी बघते."

"न यायला काय झालं? येईन की," हर्षा म्हणाली. इतकी गोड बोलली की ऋतिकेला भरून आलं. बिचारीला काय ठाऊक, की बाई हे आमंत्रण दोन तपं मागत होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाला कुलूप घालून हर्षा गुरवांकडे गेली. गोकुळदास जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात आरामखुर्चीत बसला होता. एके काळी देवळात उभा राहिला की गाभाऱ्याचं दार झाकून टाकणारा माणूस, आता सदऱ्याच्या आत कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

"कोण गो?"

"मी हर्षा. वाचायला आलेय."

म्हाताऱ्यानं आवाजाकडे मान वळवली. म्हणाला, "बस."

बस म्हणे. इतक्या वर्षांनी माणूस दारात येतो, आणि ह्याच्या तोंडातून दुसरं अक्षर बाहेर पडत नाही. हर्षा बसली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. पोथी आणायची नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं. ह्याला पुण्य मिळवून द्यायला मी काय ह्याची लेक लागते? तिनं आणली होती एक जाडजूड जुनी कादंबरी, कव्हर नसलेली, सुरुवातीची पानं गेलेली, जिचं नाव गावात कुणालाच माहीत नव्हतं. हर्षानं ती पाचसहा वेळा वाचली होती. पद्मावती नावाची मुलगी, तिचं जमलेलं लग्न मोडणारा दुष्ट चुलता, शहरात जाऊन परत न आलेला तिचा नवरदेव, अशी ती गोष्ट. त्यातला चुलता शेवटाकडे खोकून खोकून मरतो. तेवढं प्रकरण ह्याला सावकाश ऐकवायचं, असा हर्षाचा बेत होता.

पण गोकुळदासनं त्या कादंबरीचीही पोथी करून टाकली. दुसऱ्या दिवसापासून हा दुपारी पुन्हा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, समई लावून घेऊन बसायचा. ऋतिका हसली तर तिच्यावर डाफरला. "ग्रंथ तो ग्रंथ. कोणी लिवल्यान ता इचारूचा नाय." आणि मग त्यानं हर्षाला पोथीचे सगळे नियम सांगितले. अध्याय अर्ध्यावर सोडायचा नाही. मधली ओळ गाळायची नाही. एकदा लावलेला ग्रंथ समाप्तीला न्यायचा, त्या दिवशी नैवेद्य करायचा, आणि तोवर दुसऱ्या ग्रंथाला हात लावायचा नाही.

"आणि समाप्ती नाही झाली तर?" हर्षानं विचारलं.

"वाचन अर्धा रवला तर ता घराक लागता," म्हातारा म्हणाला. "ऐकणाऱ्याक मरताना जीव सुटत नाय."

हर्षानं हे नीट ध्यानात ठेवलं.

वाचन सुरू झालं. दुष्ट चुलत्याची पानं आली की हर्षा अशी रंगून वाचायची की बाहेर पोदेर सायकल थांबवून, पाव द्यायचे विसरून ऐकत राहायचा. म्हातारा मात्र ढिम्म. "पुढे," एवढंच म्हणायचा. चुलता मेला तेव्हाही म्हणाला, "बरा झाला. पुढे." हर्षाला त्या दिवशी घरी जाताना रडू यायचं बाकी राहिलं. एवढा घसा फोडला आणि ह्याला काडीइतकं लागलं नाही.

आणि मग एक वेगळीच पंचाईत झाली. त्या कादंबरीत चुलत्याच्या मरणानंतर दहाबारा पानं अशी होती, की ती हर्षा दर वेळी गाळायची. पद्मावती वाट बघत दारात उभी असते तिथून ती सरळ विहिरीवरच्या प्रसंगाकडे उडी मारायची. मनातल्या मनात वाचताना कोण विचारणार? बोटानं पानं उलटली की झालं. त्या दिवशीही सवयीनं तिनं ती उलटली.

"थांब गो. मधला खंय गेला?" गोकुळदासनं मान वर केली. "आताच ती दारात होती. विहिरीर कशी इली?"

"तसंच आहे पुस्तकात."

"तसा नाय. पाना सरकल्याचो आवाज माका इलो. पन्नास वर्सां पोथ्ये ऐकतंय मी. मागे जा."

काय करणार? हर्षा मागे गेली आणि वाचू लागली. त्या पानांत नवरदेवाचा एक मित्र शहरातून येतो. पद्मावती त्याला विचारते, ते माझी आठवण काढतात का? मित्र इकडचं तिकडचं बोलतो. ती पुन्हा विचारते. शेवटी तो म्हणतो, वहिनी, चुलत्यानं मोडलं हे खरं, पण त्याला यायचंच असतं तर तो चालत आला असता. त्याला यायचं नव्हतं.

हे वाक्य वाचताना हर्षाचा आवाज फाटला. तिनं खाकरून पाहिलं, पाणी प्याली, पुन्हा वाचलं, आणि पुन्हा तिथंच अडकली. ह्या बाईनं आजवर किती कादंबऱ्या वाचल्या असतील, आणि प्रत्येकीतल्या नायिकेवर ती चिडायची, की अगो बाये, त्याला तू नकोस, एवढं सरळ तुला कसं कळत नाही? आणि इथं मात्र पानं उलटत होती. का उलटत होती, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नाही. म्हाताऱ्यावरचा राग मात्र दुप्पट झाला, कारण त्यानंच ते वाचायला लावलं होतं.

म्हातारा तेव्हा "पुढे" म्हणाला नाही. तोंड जनेलाकडे फिरवून बसून राहिला.

शेवटचा अध्याय तेवढा उरला त्या दिवशी ऋतिकेनं विचारलं, उद्या नैवेद्याला काय करू. हर्षा म्हणाली, थांब, घाई नको. ती आत गेल्यावर हर्षानं पुस्तक मिटलं.

"काका, समाप्ती करू. पण आधी माझ्या कौलाची डावी पाकळी तुम्ही कशी लावलीत, ते सांगा."

 "देवीन दिली ती पाकळी," गोकुळदास म्हणाला.

"ठीक आहे. मग देवीच वाचून दाखवील," म्हणून हर्षा पुस्तक पिशवीत टाकून निघाली.

दुसऱ्या दिवशी ती बरोबर वेळेवर हजर. म्हातारा आंघोळ करून, समई लावून बसलेला. हर्षानं पुस्तक काढलं, पान फडफडवलं, तो हात जोडून सावध झाला, आणि ही बाई शांतपणे पेपर उघडून मनातल्या मनात वाचत बसली. तासभर. मग पुस्तक पिशवीत घालून घरी. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. असा छळ कुणी कुणाचा केल्याचं तुम्ही ऐकलं नसेल, आणि खरं सांगायचं तर हर्षाला इतकं सुख कित्येक वर्षांत लागलं नव्हतं. घरी जाताना ती गुणगुणायची.

म्हातारा खंगत चालला. पेज पुढे ठेवली की वाडगा सरकवायचा. ऋतिका म्हणाली, मी दुसरं पुस्तक वाचते, मोबाइलवर कीर्तन लावते, तर म्हणाला, पहिल्याची समाप्ती झाल्याशिवाय कानावर काही घालू नको. शेवटी ती हर्षाच्या दारात आली. "ताई, एका अध्यायाचं तर आहे. बाबा रात्रंदिवस म्हणतात, माझा जीव अडकणार. तुम्हाला दया नाही का येत?"

"नाही येत," हर्षा म्हणाली. तिला खरंच येत नव्हती. "त्यांना विचार, काय सांगायचं राहिलंय ते. एका वाक्याचं तर आहे."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती गेली तेव्हा गोकुळदासनं समई लावली नव्हती. पान फडफडायच्या आधीच तो बोलला.

"सुकीच लावलंय मी ती."

हर्षाच्या हातातलं पुस्तक मांडीवर पडलं. हे वाक्य ऐकल्यावर काय काय करायचं, हे तिनं हजार वेळा ठरवलेलं. आता काहीच आठवेना.

"का?" एवढंच ती म्हणाली.

"अविनाशान सांगल्यान म्हणान." म्हातारा सावकाश बोलत होता. "कौलाच्या आदल्या दिसा सांजवेळार इलो. माझे पाय धरल्यान. तो म्हणालो, आवशीन हर्षाच्या बापाशीक शबुद दिलोहा, माका साखळीचा चेडू होया, आवशीक सांगूचो माका धीर नाय. तुमी डावी पाडा. रडाक लागलो. मी मनात म्हटलंय, हर्षा, ज्येका तू नको तेच्या घरात तू जाऊन काय सुखान रवतलंस? म्हणान लावलंय."

"आणि नंतर मला सांगितलं का नाही?"

म्हाताऱ्यानं सदऱ्याची बाही खाली ओढली.

"काका, मी विचारतेय. माझी स्थळं वाटेतून परत जात होती. माझा बाप झुरत होता. तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितला असता तर माझ्या हातच्या कौलार कोण इस्वास ठेवतलो?" तो म्हणाला. आणि मग, "आता वाच. मी सांगलंय."

हर्षा उठली आणि न वाचताच घरी आली. चार दिवस ती कुठे गेली नाही. वाचनालयही उघडलं नाही. पहिल्या सकाळी तिनं स्वयंपाकघरात ती कादंबरी उघडली, गाळायची ती पानं काढली आणि एकटीच मोठ्यानं वाचली. एक ओळ सोडली नाही. त्याला यायचं नव्हतं, हे वाक्य आलं तिथं थांबली, आणि ते पुन्हा पुन्हा वाचलं, तोंडाला सवय होईपर्यंत. मग चुलीसमोर बसून पोटभर रडली. बापाच्या मरणातही अशी रडली नव्हती.

तिला ते माहीत होतं. हेच तिला त्या सकाळी कळलं, की आपल्याला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. ज्याला मुलगी हवी असते तो एका पाकळीवर चपला घालून निघून जात नाही. कौल झाला त्या संध्याकाळी ती विहिरीपाशी काळोख पडेपर्यंत उभी होती, अविनाश येईल म्हणून, आणि तो आला नाही. त्या दिवसापासून तिनं सगळा राग उचलून गोकुळदासच्या डोक्यावर ठेवला होता. गुरवानं मोडलं म्हटलं की अविनाशला आपण हव्या होतो, असं मानता येत होतं. त्यासाठी तिनं गुरव तेवीस वर्षं जिवंत ठेवला, मनात, रोज. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं तेव्हा आवाज फाटला नाही. तिसऱ्या दिवशी तिला पद्मावतीचा कंटाळा आला. तिला भूक लागली, तिनं सुंगटांची आमटी केली आणि दोनदा भात वाढून घेतला.

तुम्हाला वाटेल, आता तिचा राग गेला. छे. उलट आता तो जागच्या जागी बसला होता. अविनाशचा वाटा अविनाशला, गुरवाचा गुरवाला. गोकुळदासनं पाकळी सुकी का लावली ते तिला एक वेळ समजलं. पण आपल्या हातचा कौल राखायला एका मुलीला देवीनं नाकारलेली म्हणून गावात फिरू दिलं, ते काही केल्या सोडायचं नाही, असं तिनं ठरवलं.

पाचव्या दिवशी ती गुरवांकडे गेली. "आज शेवटचा अध्याय," ती म्हणाली. ऋतिकेनं घाईघाईनं नैवेद्याला गोडाचा शिरा टाकला. गोकुळदासनं समई लावून घेतली.

आता त्या कादंबरीच्या शेवटच्या अध्यायात पद्मावती सगळ्यांना क्षमा करते, चुलत्याच्या फोटोला हार घालते आणि अनाथ मुलांना शिकवायला लागते. हर्षाला तो शेवट पहिल्यापासून आवडत नव्हता. तिनं पुस्तक उघडलं, नजर पानावर ठेवली आणि वाचू लागली.

"पद्मावती सकाळी उठली, तिनं न्हाऊन घेतलं आणि देवळात गेली. त्या दिवशी देवीचा वाढदिवस, तिच्या स्थापनेचा दिवस होता. सगळा गाव जमला होता. म्हातारा गुरवही आला होता."

"थांब," गोकुळदास म्हणाला. "ह्या पुस्तकात गुरव नाय होतो."

"आता आला. मध्ये बोलू नये काका, अध्याय चालू आहे." आणि ती पुढे वाचत गेली. "गुरवाचे डोळे गेले होते. पण तोंड शाबूत होतं. पद्मावती त्याला म्हणाली, तुम्ही ते मला एकटीला सांगितलंत, त्याचा उपयोग नाही. मला नाकारलं ते सगळ्या गावासमोर. गाऱ्हाणं घालायची वेळ झाली. सगळे उभे राहिले. गुरव पुढे झाला, त्यानं हात जोडले आणि तोंड उघडलं."

हर्षानं पुस्तक मिटलं.

"मगे?" म्हातारा म्हणाला.

"पुढे काही छापलेलं नाही. गुरव काय बोलला ते तुम्हालाच ठाऊक. समाप्ती तुमच्याकडे आहे."

आत शिरा करपल्याचा वास आला, पण ऋतिका दारातच खिळून उभी होती. गोकुळदासनं जोडलेले हात सोडले. मग सुनेला म्हणाला, "गौरेशाक सांग, वाढदिसाक माका देवळात व्हर."

गौरेशनं घरात मोठा तमाशा केला म्हणतात. बाबा, उद्या माझ्या हातचा कौल कोण घेणार, म्हणून त्यानं भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं ठेवलं. म्हाताऱ्यानं त्याला एकच विचारलं, "तू माझो जीव सोडवतलंस काय?" मग त्याचं काही चाललं नाही.

वाढदिवसाला देवळाचा चौक भरला होता. अविनाश देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. खाणीची नोकरी सुटल्यावर डिचोलीत त्यानं टाइल्सचं दुकान काढलं, ते चांगलं चालतं. बायकोला घेऊन गाडीनं आला होता, कपाळाला मोठं गंध. हर्षाला बघून लांबूनच हसला. तो दर वर्षी तसा हसायचा, आणि दर वर्षी ती दिवसभर ते हसू घेऊन फिरायची. ह्या खेपेला तिनं नुसतं बघितलं.

गाऱ्हाण्याला गौरेश उभा राहिला, तेवढ्यात गोकुळदास त्याचा हात धरून पुढे आला. जुना गुरव, आंधळा झालेला, आज गाऱ्हाणं घालणार म्हणून लोकांना बरंच वाटलं. सगळ्यांनी हात जोडले.

"बाये, माये," म्हाताऱ्याचा आवाज अजून गाभाऱ्यात घुमत होता, "आज तुझी लेकरां तुझ्या दारात जमली हत."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला असं म्हणायचं, ही पिढ्यान् पिढ्यांची सवय.

"तेवीस वर्सां आधी हर्षाच्या लग्नाचो कौल तुझ्या पाषाणार लावलो."

"व्हय म्हाराजा."

"तो मी खोटो लावलंय. डावी पाकळी सुकी लावलंय."

"व्हय म्हाराजा," सगळा चौक म्हणाला, आणि मग आपण काय म्हणालो ते एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं.

"अविनाशान माका तसा करूक सांगल्यान."

ह्या वेळी अर्ध्यांच्या तोंडून सवयीनं "व्हय" निघालं आणि पुढचं घशातच राहिलं. समईत तेल घालणारा विठू तसाच वाकून राहिला. अविनाशच्या बायकोनं नवऱ्याकडे बघितलं.

हर्षा बायकांमधून पुढे आली.  

"अविनाश, खरं की खोटं?"

"हर्षा, हे काय देवळात..." तो इकडे तिकडे बघू लागला. "आपण नंतर बोलू."

"तूही देवळातच केलंस. नंतर नको. मी तुला नको होते, एवढं सांगायला तुला देवी लागली. आता तुझ्या तोंडानं सांग."

अविनाशनं गंधावरचा घाम पुसला. कमिटीतला एकही माणूस त्याच्या मदतीला आला नाही. "नको होतीस," तो शेवटी म्हणाला. कुजबुजला, पण चौक इतका गप्प होता की मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

"बरं," हर्षा म्हणाली. "बसस्टॉपवर सांगितलं असतंस तरी मी काही मेले नसते."

तो निघाला तेव्हा त्याची बायको त्याच्या मागून गेली नाही, देवळाच्या बाकावर बसून राहिली. पण हर्षाचं तिकडे लक्ष राहिलं नाही, कारण आता चौकात दुसरंच उठलं होतं. विठू हातातलं तेलाचं भांडं ठेवून सरळ गोकुळदासपुढे उभा राहिला.

"काका, आमच्या विहिरीक देवीन नाय म्हटल्यान, ता खरा काय?"

"आणि आमच्या थोरलीचं लग्न?" मागून एक बाई म्हणाली. "तिचा कौल कसा लावलात?"

"आमचो बांध?"

माणसं पुढे सरकू लागली. गौरेश बापाचा हात सोडून कधीच बाजूला झाला होता. गोकुळदास मध्ये एकटा उभा, प्रत्येक आवाजाकडे मान वळवत, आणि त्याला ना खांब सापडत होता ना भिंत. त्यानं हात पुढे करून चाचपलं.

"हर्षा," तो म्हणाला. "गो हर्षा, खंय आसस?"

ती त्याच्या हातभर अंतरावर होती. नुसता हात पुढे केला असता तरी त्याला लागला असता. तिनं दोन्ही हात पदरात घेतले.

"इथंच आहे, काका," ती म्हणाली. "सांगा त्यांना. मधलं काही गाळू नका. मी ऐकतेय."